पाठीकडेही लक्ष असू द्या!

दवाखान्यात पेशंटला भेटायला गेलो की आपण काय बघतो? सलाईन किती उरलंय, टाके किती पडले, चेहरा किती उतरलाय, डबा खाल्ला की तसाच राहिलाय. शहाळं-मोसंबी उशाशी ठेवतो, 'लवकर बऱ्या व्हा' म्हणतो आणि निघतो. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा असेच पंचवीस-तीस जण येऊन गेले. प्रत्येकाने गुडघा पाहिला. पाठ मात्र कुणीच पाहिली नाही. मी तर पाच रात्री त्यांच्या सोबतीला होते, पण मीसुद्धा पाहिली नाही.

मैत्रिणींनो, आज त्या पाठीचीच गोष्ट सांगायची आहे. सांगताना थोडी लाजही वाटतेय, कारण त्यात चूक माझीही आहे. पण आपल्यापैकी प्रत्येकीवर कधी ना कधी दवाखान्यात सोबतीला राहायची वेळ येते. सासूबाईंचं ऑपरेशन, नणंदेचं बाळंतपण, नवऱ्याचा अपघात... रात्री बाकड्यावर चादर टाकून झोपणारी बहुतेक वेळा बाईच असते. म्हणून सांगते.

गुडघा बरा, पाठ दुखते

माझ्या जाऊबाईंना घरात सगळेच माई म्हणतात. वय चौसष्ट, बारा वर्षांपासून साखर. डावा गुडघा इतका झिजला होता की देवळाच्या चार पायऱ्याही चढवेनात. शेवटी वाटी बदलायचं ठरलं. बुधवारी ऑपरेशन झालं. ऑपरेशन झाल्यावर दुखू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या कमरेत, मणक्यांच्या मधल्या जागेत, एक बारीक नळी ठेवली होती. तिच्यातून थेंबथेंब औषध जायचं. माईंना खरोखरच आराम होता. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली. शेजारच्या कॉटवरची बाई तर म्हणाली, "अहो, तुमचं ऑपरेशन झालंय असं वाटतच नाही!"

नळी शुक्रवारी किंवा फार तर शनिवारी काढायची होती. पण आमच्यासारख्या गावात भूलतज्ज्ञ एकाच दवाखान्यात बसलेले नसतात. सकाळी एका ठिकाणी सिझर, दुपारी दुसरीकडे अपेंडिक्स, संध्याकाळी तिसरीकडे फ्रॅक्चर. शुक्रवारी म्हणाले, उद्या काढू. शनिवारी त्यांना बाहेरगावी जावं लागलं. मग आला रविवार. मला वाटलं, नळी आहे तर आहे, उलट दुखणार नाही, बरंच आहे की!

शनिवारपासून माई म्हणत होत्या, "अगं, पाठीत चावल्यासारखं होतंय." मी म्हटलं, "अहो माई, चार दिवस एकाच कुशीवर पडलाय, पाठ अंबणारच." स्पंज करताना पाठीवरची पट्टी ओली झाली होती, तिची एक कड सुटली होती. वॉर्डातल्या मावशींनी साधी चिकटपट्टी आणून वरून चिकटवली. शनिवारी रात्री माई फारच कुरकुरायला लागल्या. मग मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. पिशवीतली बामची बाटली काढली आणि पट्टीच्या आजूबाजूला चांगला चोळून दिला. कड आणखी थोडी उचलली गेली. माईंना झोप लागली आणि आपण सेवा केली याचं मला समाधान वाटलं.

सोमवारी पहाटे माईंना हुडहुडी भरली. ताप १०१. सिस्टर म्हणाल्या, "ऑपरेशननंतर येतो थोडा ताप." पण सुदैवाने भूलतज्ज्ञ सकाळीच आले. त्यांनी पहिल्यांदा माईंना कुशीवर वळवलं आणि पट्टी काढली. नळी जिथून आत गेली होती तिथे रुपयाएवढी जागा लालभडक झालेली, हात लावला तर गरम, आणि मध्ये पिवळसर थेंब. डॉक्टरांनी विचारलं, "इथे काय लावलंय?" मी मान खाली घालून म्हटलं, "बाम."

ते रागावले नाहीत. पण त्यांचा चेहरा गंभीर झाला. माईंना पायाचे अंगठे हलवायला सांगितले, पाय उचलायला सांगितले, दोन्ही पायांना कापूस लावून 'कळतंय का' विचारलं. लघवीची विचारपूस केली. नळी काढली, पू तपासायला पाठवला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं आणि म्हणाले, "आजच एमआरआय करून घ्या. संसर्ग नुसता कातडीपुरता आहे की आत मणक्यापर्यंत गेलाय, हे बघायला हवं."

एमआरआयसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. अॅम्ब्युलन्समध्ये माईंचा हात हातात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "पाय जाणार नाहीत ना गं माझे? पायांसाठीच तर केलं सगळं." मला उत्तर देता येईना.

रिपोर्ट चांगला आला. संसर्ग वरचेवर होता, आत गेला नव्हता. तरीही मुक्काम आठ दिवसांनी वाढला, खर्च वाढला, आणि जंतू रक्तातून नव्या गुडघ्यापर्यंत तर जाणार नाहीत ना, ही धाकधूक कितीतरी दिवस राहिली. आज माई देवळाच्या पायऱ्या चढतात. पण ती सोमवारची सकाळ मी विसरू शकत नाही. डॉक्टर आणखी एक दिवस आले नसते तर?

ही नळी असते तरी काय?

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. शास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरताच. पण माईंना घरी आणल्यावर मी त्याच भूलतज्ज्ञांकडे गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, मला सगळं नीट समजावून सांगा, म्हणजे मी आमच्या बचत गटातल्या बायकांना सांगेन." त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढून सांगितलं. नंतर काही मी स्वतः वाचून काढलं.

आपल्या कण्याच्या आतून मज्जारज्जू जातो. त्याच्याभोवती पाणी असतं आणि त्या पाण्याभोवती एक जाड आवरण. या आवरणाच्या बाहेर थोडी मोकळी जागा असते. तिला म्हणतात एपिड्युरल जागा. नळी ठेवतात ती इथे, म्हणजे आवरणाच्या बाहेर. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर. तिच्यातून बधिर करणारं औषध जातं, ते मज्जातंतूंना भिजवतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचूच देत नाही.

बहुतेक सिझरच्या वेळी पाठीत देतात ते इंजेक्शन वेगळं. ती स्पायनलची भूल. बारीक सुईने एकदाच औषध देतात, सुई बाहेर काढतात, मागे काही राहत नाही. एपिड्युरलमध्ये नळी आत राहते, म्हणून औषध हवं तितके दिवस देता येतं. तिचा फायदा तोच आणि धोकाही तोच.

ही पद्धत काही आजकालची नाही. स्पेनच्या लष्करातले शल्यचिकित्सक फिडेल पाजेस यांनी १९२१ साली कमरेतून अशी भूल देण्याची पद्धत लिहून ठेवली. त्यांच्या वेळी औषध एकदाच देत. क्युबातले भूलतज्ज्ञ मार्टिनेझ कुर्बेलो यांनी १९४७ मध्ये तिथे बारीक नळी ठेवून औषध पुन्हा पुन्हा देण्याचा मार्ग दाखवला. तेव्हापासून जगभर असंख्य लोकांचं दुखणं या नळीने हलकं केलं आहे. छातीचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की दुखण्यामुळे माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. हालचाल नसली की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. दुखणं सोसत पडून राहणं ही काही शूरपणाची गोष्ट नाही. आपल्या बायकांना तर सोसायची सवयच लावलेली असते!

जंतू शिरतात कुठून?

कातडी म्हणजे आपल्या शरीराची भिंत. नळी घातली की त्या भिंतीला एक भोक राहतं, जितके दिवस नळी तितके दिवस. डॉक्टरांनी मला चार वाटा सांगितल्या.

पहिली, नळी घालतानाची. आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर जंतू असतात. म्हणून पाठ औषधाने पुसतात आणि ते औषध पूर्ण वाळू देतात. डॉक्टर हात धुऊन निर्जंतुक मोजे घालतात, टोपी आणि मास्क लावतात. मास्क कशाला, तर बोलताना तोंडातून तुषार उडतात. अमेरिकेत न्यू यॉर्क आणि ओहायो या राज्यांत २००८ आणि २००९ मध्ये पाच बाळंतिणींना पाठीतल्या भुलेनंतर मेंदूच्या आवरणाचा ताप, म्हणजे मेनिंजायटिस, झाला. त्यातली एक बाई दगावली. जंतू सापडले ते माणसाच्या तोंडात नेहमी असणारे. ओहायोतल्या दोन बायकांना भूल देताना डॉक्टरांनी मास्क लावलाच नव्हता. करोनाच्या काळात आपण मास्कला किती नावं ठेवली, पण अशा जागी तो किती मोलाचा आहे बघा.

दुसरी वाट नळीच्या कडेकडेने. पट्टी ओली झाली, कड सुटली, कुणी खाजवलं, कुणी बाम चोळला (!) की कातडीवरचे जंतू नळीला धरून आत सरकतात. आमचं हेच झालं.

तिसरी वाट नळीच्या बाहेरच्या टोकाची. खांद्याजवळ जिथे औषधाची सिरिंज किंवा पंप जोडतात, तिथे जंतू गाळणारी एक छोटी चकती असते. ते जोड पुन्हा पुन्हा उघडले, हात न धुता हाताळले, की तिथून जंतूंना रस्ता मिळतो.

चौथी वाट आतून, रक्तातून. दाताच्या मुळाशी पू असेल, अंगावर गळू असेल, लघवीचा संसर्ग असेल, तर ते जंतू रक्ताबरोबर फिरत नळीपाशी येऊन बसू शकतात.

साखर ताब्यात नसलेल्यांना, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांना, कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांना धोका जास्त. कारण त्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी झालेली असते.

किती घाबरायचं?

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, नकोच ती नळी! थांबा. आकडेही ऐका.

डेन्मार्क देशात वर्षभरातल्या अशा नळ्यांची पाहणी केली होती, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. १७,३७२ नळ्यांमध्ये मणक्याच्या आत गळू झालेले रुग्ण सापडले नऊ. म्हणजे साधारण दोन हजारांत एक. त्यातली बोलकी गोष्ट अशी की, ज्यांची नळी दोन दिवसांत काढली होती, त्यांच्यात असा एकही रुग्ण नव्हता. आणि मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांपेक्षा इतर रुग्णालयांत हे प्रमाण जास्त होतं. आपल्यासारख्या लहान गावातल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

इंग्लंडच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २००९ मध्ये आणखी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पाठीतल्या सगळ्या प्रकारच्या भुली धरून वर्षाला सुमारे सात लाख. त्यात कायमची इजा, कारण कोणतंही असो, झाली ती लाखामागे दोन ते चार जणांना. ऑपरेशनच्या वेळी ठेवलेल्या एपिड्युरलमध्ये हे प्रमाण जास्त, लाखामागे आठ ते सतरा. बाळंतपणात त्याहून खूप कमी.

म्हणजे नुसती कातडी लाल होणं हा प्रकार अधूनमधून होतो, वेळीच नळी काढून औषध दिलं की बरा होतो. मणक्यात गळू होणं फार क्वचित. पण झालं आणि ओळखायला उशीर झाला, तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. क्वचित घडणारी गोष्ट आपल्याच माणसाला घडली, तर आपल्यासाठी ती शंभर टक्केच असते ना! म्हणून घाबरायचं नाही, पण डोळे मात्र उघडे ठेवायचे.

जाता जाता एक गैरसमजही दूर करते. 'पाठीत सुई घेतली आणि कंबर कायमची गेली' हे वाक्य प्रत्येक हळदीकुंकवात ऐकू येतं. बाळंतपणात एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केलेली आहे. त्यात या नळीमुळे कायमची कंबरदुखी लागते असं दिसलेलं नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, ते खरं. पण बाळंतपणानंतर वाकून बाळाला घेणं, पाणी भरणं, विश्रांती नसणं, याचा दोष आपण सुईवर ढकलून मोकळ्या होतो.

नाडीच्या जागची खाज

आमच्या गटातल्या एका बाईंचं गर्भाशय काढायचं होतं. माईंची हकिकत त्यांच्या कानावर गेली होती. त्या आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी पाठीत काही घेणार नाही. दुखलं तर दुखू दे."

मी म्हटलं, "नाही कशाला म्हणता? आधी विचारा तर." आम्ही दोघींनी बसून प्रश्न लिहून काढले. मला पाठीत एकदाच इंजेक्शन देणार की नळी ठेवणार? नळी ठेवलीच तर किती दिवस? काढायला कोण येणार, आणि ते आले नाहीत तर कोण? रोज ती जागा कोण बघणार? नळीशिवाय दुसरा उपाय आहे का?

मग मला सुचलं म्हणून विचारलं, "कमरेला काही नाही ना?" त्या आधी गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "परकराच्या नाडीच्या जागी केव्हापासून खाजतंय. कुणाला दाखवायचं ते?" पदर बाजूला केला तर कमरेभोवती गजकर्ण, मागे थेट मणक्यापर्यंत पसरलेलं, खाजवून खाजवून चिघळलेलं. आणि सुई टोचतात ती नेमकी इथेच!

मैत्रिणींनो, किती जणींना हे असतं आणि किती जणी सांगतात? त्या बाईंनी मन घट्ट करून भूलतज्ज्ञांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं दाखवलंत. अशा कातडीतून सुई घालणं योग्य नाही. तुमचं ऑपरेशन घाईचं नाही, आधी हे बरं करू." औषध दिलं. कातडी स्वच्छ झाल्यावर, काही आठवड्यांनी ऑपरेशन झालं. प्रश्नांचीही उत्तरं मिळाली. त्यांना नळीची गरजच नव्हती, एका इंजेक्शनवर काम झालं. शिवाय आता पुष्कळ ठिकाणी सोनोग्राफीत बघून नसेजवळ इंजेक्शन देतात, मग ऑपरेशन कोणतं यावर पाहून मणक्यातली नळी टाळताही येते. पण विचारल्याशिवाय हे कळणार कसं?

आपल्याला वाटतं, डॉक्टरांना विचारलं तर ते रागावतील. एखादे रागावतातही. पण माहिती घेणं हा पेशंटचा हक्कच आहे. डॉक्टरांशी हुज्जत घालायची नाही. नम्रपणे, पण नेमकं विचारायचं. लिहून नेलं की विसरायला होत नाही.

सोबतीला राहणारीने एवढं करावं

आता मी शिकले ते सांगते. अगदी साध्या गोष्टी आहेत.

ऑपरेशनच्या आधी पेशंटला ताप, गळू, दाताचं दुखणं, लघवीची जळजळ, कमरेवर पुरळ किंवा गजकर्ण, यातलं काही असेल तर न लाजता सांगा. साखर असेल तर ती ताब्यात आणा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या नक्की सांगा. त्या असताना नळी घालताना आणि काढतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच नळी कधीही आपण ओढायची नाही, आणि 'काढून टाका हो' म्हणून कुणाच्याही हाती काढवून घ्यायची नाही. ती वेळ बघून, माहीतगार माणसानेच काढायची असते.

नळी असेपर्यंत रोज सकाळी राऊंडला एकच प्रश्न विचारा, "ही नळी आजही लागणार आहे का?" सहसा दोन-तीन दिवसांत काम भागतं. रविवार आला, सण आला, डॉक्टर गावाला गेले, म्हणून नळी राहून गेली असं होऊ देऊ नका. ऑपरेशन सणाच्या तोंडावर असेल तर काढायचं कोण बघणार, हे आधीच ठरवून घ्या.

दिवसातून निदान दोनदा पेशंटला कुशीवर वळवून पाठ बघायला सिस्टरांना सांगा आणि त्या बघत असताना तुम्हीही बघा. पट्टी पारदर्शक असेल तर उत्तम, आतलं दिसतं. लाली, सूज, पू, पाण्यासारखा स्राव, पट्टी ओली किंवा सुटलेली, यातलं काही दिसलं तर लगेच सांगा. पट्टी आपण उचकटायची नाही आणि वरून साधी चिकटपट्टीही लावायची नाही. नळीचा जोड सुटला तर स्वतः पुन्हा जोडू नका, तसाच धरून हाक मारा.

पाठीला तेल, हळद, बाम, पावडर, शेक काही नको. माया हाताने दाखवायची असते हे खरं, पण ती डोक्यावरून हात फिरवून दाखवा.

पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचे हात साबणाने धुवा. भेटायला येणाऱ्यांना कॉटवर बसू देऊ नका. वाईटपणा आला तर येऊ दे.

आणि पायांकडे लक्ष ठेवा. औषध चालू असताना पाय थोडे जड, बधिर वाटतात, ते चालतं. पण एक पाय अजिबात हलत नाही, औषध कमी केलं किंवा बंद केलं तरी बधिरपणा जात नाही, किंवा गेलेला बधिरपणा परत आला, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना उठवा.

घरी आल्यावरही

हे सगळ्यात महत्त्वाचं. मणक्यातलं गळू नळी असतानाच होतं असं नाही. नळी काढल्यावर काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनीही ते लक्षात येतं. तोवर आपण घरी आलेलो असतो, डिस्चार्ज कार्ड कपाटात गेलेलं असतं.

आधी पाठ दुखते, सुईच्या जागी दाबलं की जास्त. ताप येतो, पण प्रत्येकाला येतोच असं नाही. मग कळ कमरेतून मांडीत, पायात उतरते. मग पायातली ताकद कमी होते, मुंग्या येतात, लघवी अडते किंवा कळतच नाही, संडासवरचा ताबा जातो. आणि शेवटी पाय लुळे. यातल्या पहिल्या पायरीवर पोचलो तर बहुतेक वेळा सगळं सावरतं. शेवटच्या पायरीवर पोचलो तर ऑपरेशन करूनही पाय परत येतीलच असं सांगता येत नाही. शेवटच्या पायऱ्या कधी कधी काही तासांतच ओलांडल्या जातात. तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, तापात बरळणं, हीदेखील मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात.

असं काही झालं तर वेदनाशामक गोळी देऊन, कंबर चोळून बघत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "यांच्या पाठीत अमुक दिवसांपूर्वी नळी होती." हे वाक्य फार मोलाचं आहे. नवीन डॉक्टर असतील तर त्यांना ते माहीत नसतं आणि साधी कंबरदुखी समजून औषध दिलं जातं. म्हणून डिस्चार्ज घेताना कार्डावर नळी कधी घातली, कधी काढली, हे लिहून मागा. आणि गरजेला फोन कुणाला करायचा, तो नंबरही.

परवा माई आमच्याकडे आल्या होत्या. शेजारची सून बाळंतपणासाठी दवाखान्यात जायची होती, ती माईंना विचारायला आली, "माई, वेदना कमी करायला पाठीत नळी ठेवतात म्हणे. घेऊ का?" मला वाटलं माई आता 'नको बाई' म्हणणार.

माई म्हणाल्या, "डॉक्टर बरी म्हणाल्या तर घे की. सोसायचं कशाला? बाळ झालं की काढतात ती. फक्त काढली का, ते विचार. आणि तुझ्या आईला सांग, दिवसातून दोनदा पाठ बघत जा म्हणावं."

मग माझ्याकडे बघून हसल्या, "आणि बामची बाटली घरीच ठेवून जा म्हणावं!"